ओल, भेगा आणि मामाची पेन्सिल

सॅम्पल फ्लॅटचा सोफा, बाल्कनीतला डोंगर आणि एजंटचं गोड हसू बाजूला ठेवलं तर घर नेमकं बघायचं कसं? कासार आंबोलीतल्या दोन फ्लॅट्सची ही गोष्ट. या वीकएण्डला साइट व्हिजिटला निघाला असाल तर आधी हे वाचा, मग गाडी काढा.

'आंबोलीत घर बघतोय' असं ऑफिसमध्ये सांगितलं की हमखास कुणीतरी विचारतं, 'अरे वा, सावंतवाडीकडे? धबधब्याजवळ?' नाही हो. ही आंबोली आपली मुळशीतली, कासार आंबोली. चांदणी चौक सोडायचा, भूगाव, भुकूम, पिरंगुट करत घोटावडे फाट्याच्या पुढे जायचं, पौडच्या अलीकडे. मुलींची सैनिकी शाळा आहे ना, तेच गाव. पावसाळ्यात याच रस्त्याने आपण ताम्हिणीला भिजायला जातो आणि दोन्ही बाजूंच्या नव्या बिल्डिंगा बघून म्हणतो, 'इथे राहायला काय मस्त वाटेल ना!'

आम्ही म्हटलं आणि खरंच बघायला गेलो. हिशोब सोपा होता. माझं ऑफिस हिंजवडीला, म्हणजे घोटावडे-माण रस्त्याने मागच्या दाराने एण्ट्री. बायकोचं कोथरूडला. आणि कोथरूडच्या भावात आमच्या बजेटमध्ये जेमतेम हॉल आणि किचन आलं असतं, झोपायला पुन्हा आई-बाबांकडेच. त्यामुळे एप्रिलमधल्या एका रविवारी रीसेलचा टू बीएचके बघितला. आठ वर्षांची सोसायटी, सगळ्यात वरचा मजला, बेडरूमच्या खिडकीत अख्खा डोंगर. एजंट म्हणाला, 'सर, टॉप फ्लोअर आहे, वर कुणाचा धिंगाणा नाही.' बायकोने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. झालं! टोकनचा चेक लिहायचाच बाकी होता.

डाऊन पेमेंट बाबांच्या पीएफमधून येणार होतं. एकतीस वर्षांच्या नोकरीचा पैसा. बाबा एका शब्दाने 'कशाला' म्हणाले नाहीत, फक्त म्हणाले, 'एकदा मामाला दाखव.'

मामा म्हणजे रिटायर्ड सिव्हिल इंजिनीअर. आयुष्यभर सरकारी क्वार्टर्स, शाळा आणि दवाखाने बांधले, त्याहून जास्त दुरुस्त केले. पुढच्या रविवारी आला तेव्हा त्याच्याकडे एक टॉर्च, एक पेन्सिल, दहा रुपयांचं नाणं आणि निळीची बाटली होती. एजंटला वाटलं, काका कपडे धुवायला आलेत.

मेकअप नसलेली जागा

आम्ही लिफ्टकडे निघालो तर मामा पार्किंगमध्येच थांबला. मान वर करून छत बघत, एकेका कॉलमभोवती प्रदक्षिणा घालत. वीस मिनिटं! एजंट घड्याळ बघायला लागला.

'अरे, फ्लॅटमध्ये पुट्टी असते, पीओपी असतं, रंग असतो,' मामा म्हणाला. 'इथे बिल्डिंग मेकअपशिवाय उभी असते. बीम उघडे, कॉलम उघडे, वरच्या फ्लॅटचे पाइप डोक्यावर लटकलेले. ज्याला बघायचंय त्याने आधी इथे बघावं.'

खरंच आहे ते. पार्किंगच्या छताला पांढरे ओघळ दिसले तर वरच्या बाथरूममधून किंवा पोडियममधून पाणी झिरपून कॉन्क्रीटमधला चुना बाहेर आणतंय. पाइपांच्या सांध्यांना कुठे कापड गुंडाळलंय, कुठे एम-सील थापलंय, तेही दिसतं. पण मामाची नजर एका कोपऱ्यातल्या कॉलमवर अडकली होती. जमिनीपासून गुडघ्यापर्यंत एक उभी भेग, तिच्या कडेला विटकरी डाग. मामाने नाण्याने हलकेच वाजवलं. बाकीचे कॉलम 'टक्' असा भरीव आवाज देत होते. या जागी आवाज पोकळ आला.

आतली सळी गंजली की असं होतं. गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा लागते. ती मिळाली नाही की तो बाहेरचं कॉन्क्रीट ढकलतो, भेग पडते, भेगेतून आणखी पाणी शिरतं, आणखी गंज चढतो. म्हणून तर आयएस ४५६ या आपल्या कॉन्क्रीटच्या कोडमध्ये कॉलमच्या सळीवर साधारण ४० मिलिमीटर कॉन्क्रीटचं पांघरूण सांगितलंय. साइटवर घाईत सळ्यांचा सांगाडा एका बाजूला सरकला की एकीकडे पांघरूण जाड आणि दुसरीकडे बोटभरही नाही. ते पुढे कुणालाच दिसत नाही, सात-आठ वर्षांनी सळी स्वतःच सांगते.

'एका कॉलमला एवढं काय मनावर घ्यायचं?' असं मी म्हणालो, आणि मामाने मला भूज ऐकवलं. २६ जानेवारी २००१ चा भूकंप. केंद्र कच्छमध्ये, आणि दोनशेहून जास्त किलोमीटरवरच्या अहमदाबादेत मजल्यांवर मजले असलेल्या बऱ्याच बिल्डिंगा बसल्या. त्यातल्या कितीतरी अशाच होत्या: वर भिंतींनी भरलेले फ्लॅट, खाली नुसत्या खांबांवर मोकळं पार्किंग. सगळा हिसका खालच्या उघड्या कॉलमवर आला. २००२ च्या भूकंप कोडच्या नकाशात अहमदाबाद झोन तीनमध्ये होतं. पुणेही त्याच झोन तीनमध्ये. आणि ११ डिसेंबर १९६७ ला कोयनेचा भूकंप झाला तेव्हा पुण्यातली माणसं झोपेतून उठून रस्त्यावर आली होती, हे तुमच्या आजीला विचारा.

भूकंपाशिवायही बिल्डिंगा पडतात, ही तर आणखी वाईट बातमी. आपला हाच पौड रस्ता पुढे ताम्हिणी उतरून माणगावला जातो, तिथून पुढे महाड. २४ ऑगस्ट २०२० च्या संध्याकाळी महाडमधली 'तारिक गार्डन' ही पाच मजली इमारत कोसळली. १६ जण गेले. इमारत दहा वर्षांचीही नव्हती. जुनी बिल्डिंग धोक्याची आणि नवी बिल्डिंग सेफ, हा जो आपला फंडा असतो ना, त्याला त्या दिवशी काही अर्थ उरला नाही.

सगळ्या भेगा सारख्या नसतात

आता घाबरून प्रत्येक भेगेचा फोटो मित्राला पाठवू नका. आम्ही फ्लॅटमध्ये गेलो तेव्हा बायकोने पहिल्या पाच मिनिटांत नऊ भेगा शोधल्या आणि मामाने त्यातल्या सात उडवून लावल्या.

हॉलच्या भिंतीवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा होत्या. ते फक्त प्लास्टर वाळताना आकसलेलं. पाणी नीट मारलं नसेल, नाहीतर भर उन्हाळ्यात गिलावा केला असेल. दिसायला वाईट, बाकी काही नाही. दुसरी भेग बीमच्या खाली, सरळ आडवी, पट्टीने आखल्यासारखी. तीही त्याने सोडली. बीम कॉन्क्रीटचा, भिंत विटांची किंवा त्या हलक्या पांढऱ्या ब्लॉकची. दोघं उन्हात वेगवेगळे फुगतात, सांध्यावर रेघ उमटते. प्लास्टरच्या आत तिथे जाळी मारली असती तर ती आली नसती. आता भरून घ्यायची, विषय संपला.

मग खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी वर गेलेली एक दिसली आणि मामा गप्प झाला. तिरकी भेग, त्यातही एका टोकाला रुंद आणि दुसरीकडे निमुळती, म्हणजे काहीतरी सरकलंय किंवा बसलंय. कदाचित खिडकीवरचं लिंटेल तोकडं असेल. कदाचित त्या बाजूचा पाया हलकासा खचला असेल. एका भेटीत सांगता येत नाही, मामालाही नाही. त्याने पेन्सिल काढली, भेगेच्या दोन्ही टोकांना आडवी रेघ मारली आणि शेजारी तारीख लिहिली. भेग रेघेच्या पुढे गेली तर ती जिवंत आहे. नखाची कड आत जाईल इतकी रुंद भेग मामा गंभीर धरतो, आणि भिंतीच्या दोन्ही बाजूंना एकाच जागी दिसली तर आणखी गंभीर. आरपार भेग प्लास्टरची नसते.

दारंखिडक्या उघडझाप करून बघणं हा याच खेळाचा भाग. एखादंच दार चौकटीत घासत असेल तर सुतार बोलवा. एकाच बाजूची तीन दारं घासत असतील तर आधी इंजिनीअर बोलवा.

मुळशीत हे सगळं जास्त महत्त्वाचं ठरतं, कारण इथे सपाट जमीन कमी. डोंगराचा उतार खणायचा, निघालेला मुरूम खालच्या अंगाला टाकायचा आणि त्या सपाटीवर बिल्डिंग उभी करायची. अर्धी बिल्डिंग मूळ खडकावर आणि अर्धी भरावावर आली, आणि पाया त्या हिशोबाने खोल नेला नाही, तर दोन्ही अर्ध्या सारख्या बसत नाहीत. प्लॉटच्या मागची मातीची भिंत जरूर बघा. तिच्यात ओळीने भोकं ठेवलेली असतात, पावसाचं पाणी बाहेर पडायला. ती भोकं नसतील किंवा बुजली असतील तर मागची माती पाणी पिऊन भिंतीवर रेलते. २९ जून २०१९ च्या पहाटे कोंढव्यात एका सोसायटीची भिंत शेजारच्या मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली, १५ जीव गेले. त्या आधी पाऊसच पडत होता.

निळीची बाटली

बाथरूममध्ये मात्र मामा रंगात आला. प्लंबिंग हा त्याच्या मते पुरुषांनी लाजून न विचारलेला विषय आहे. फ्लॅट बघायला आलेली माणसं नळ सोडून बघत नाहीत, म्हणे कसं दिसेल! अहो, तीस हजाराचा मोबाइल घेताना तुम्ही कॅमेरा चालू करता, स्पीकर वाजवता. इथे वीस वर्षं ईएमआय भरणार आहात.

सगळे नळ एकदम सोडा. शॉवर चालू असताना फ्लश करा, शॉवर मेला तर समजा. टाकी वर आणि फ्लॅट खाली असेल तर दर दहा मीटर उंचीमागे साधारण एक किलोचं प्रेशर मिळतं. टॉप फ्लोअरला शॉवरच्या वर टाकी जेमतेम दोन-तीन मीटर, म्हणजे पाव किलो. तिथे गच्चीवर प्रेशर पंप लागतो. 'वर कुणाचा धिंगाणा नाही' म्हणणारा एजंट हे सांगत नाही. आमच्या त्या फ्लॅटमध्ये शॉवरमधून पाणी येत होतं म्हणण्यापेक्षा ओघळत होतं.

नीळ कशाला? फ्लशच्या टाकीत चार थेंब टाकायचे आणि फ्लश न करता दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. खालच्या भांड्यात निळं पाणी उतरलं तर टाकीचा वॉशर गळतोय. फालतू वाटतं, पण टँकरवर चालणाऱ्या सोसायटीत हा वॉशर रात्रंदिवस पैसे वाहून नेतो.

मग मामाने बादलीभर पाणी बाथरूमच्या कोपऱ्यात ओतलं आणि नुसता बघत उभा राहिला. पाणी स्वतःहून नहाणीकडे गेलं पाहिजे. आमचं पाणी दाराकडे आलं. उतार चुकलाय म्हणजे रोज आंघोळीनंतर पाणी एका कोपऱ्यात साचणार, टाइल्सच्या फटींतून खाली जाणार. बाथरूमची स्लॅब बाकी घरापेक्षा खाली घेतलेली असते, त्यात विटांचे तुकडे आणि मसाला भरून वर टाइल्स. तो खड्डा एकदा पाणी धरून बसला की वर्षानुवर्षं खालच्या माणसाच्या छतावर ओल देत राहतो, आणि दोन कुटुंबं लिफ्टमध्ये एकमेकांशी बोलेनाशी होतात. सोसायटीच्या मीटिंगा निम्म्या याच्यावर संपतात.

नाणं इथेही कामाला आलं. टाइल्सवर ठोकत जायचं, जिथे 'भद्' वाजेल तिथे खाली पोकळी. नहाणीपाशी वाकून वास घ्यायचा. आतल्या वाकड्या भागात दोन इंच पाणी कायम उभं असतं, ते गटाराचा वास आणि झुरळं अडवतं. वापर नसलेल्या फ्लॅटमध्ये ते वाळलेलं असू शकतं, म्हणून तांब्याभर पाणी ओतून पंधरा मिनिटांनी परत वास घ्या. तरीही येत असेल तर जोडणीतच गडबड.

शेवटी मास्टर बेडरूम. डोंगराची खिडकी. पश्चिमेची भिंत बाकी घरापेक्षा जरा जास्तच पांढरीशुभ्र होती. एकाच भिंतीला नवा रंग! मामाने कपाटाचा दरवाजा उघडला, आत टॉर्च मारला. कपाटाच्या मागच्या फळीला बुरशीचे काळे ठिपके, आणि स्कर्टिंगपाशी लोणा लागून पापुद्रे सुटलेले. रंगाऱ्याचा ब्रश कपाटाच्या आत पोहोचत नाही. तुम्ही घर बघायला जाल तेव्हा कपाटं, सिंकखालचं कप्प्यातलं अंधारं आणि माळा, एवढं तरी नक्की उघडा. मालकाला वाईट वाटेल, वाटू दे.

गच्चीवर गेलो तर कोड्याचं उत्तर मिळालं. कठडा आणि गच्चीचं तळ जिथे मिळतात तिथली गोलाई फुटली होती, आणि पाणी बाहेर सोडणाऱ्या पाइपच्या तोंडाशी पानांचा लगदा. शिवाय डक्टमध्ये डोकावलं तर ड्रेनेजच्या पाइपामागून चांगला हातभर पिंपळ उगवलेला. पिंपळाला पाणी कुणी घालत नव्हतं, हे सांगायला नकोच.

एप्रिलमधलं घर, जुलैमधलं घर

पुणे शहरात वर्षाला साधारण सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो. तुम्ही जसे पौड रस्त्याने पश्चिमेला सरकता तसा तो वाढत जातो आणि ताम्हिणीत तो काही हजारांत मोजतात. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रोडच्या एकतानगरीत पाणी शिरलं त्याच्या आदल्या २४ तासांत ताम्हिणीत साडेपाचशेहून जास्त मिलिमीटर पडला होता. शहराच्या वर्षभराच्या पावसाचा मोठा भाग, एका दिवसात. कासार आंबोली या दोन टोकांच्या मधे आहे. शहराच्या हिशोबाने केलेलं वॉटरप्रूफिंग इथे उघडं पडतं. वारा पश्चिमेचा, पाऊस तिरका. खिडकीची कड बाहेर उतरती हवी, छज्ज्याच्या खालच्या कडेला बारीक खाच हवी, म्हणजे पाणी तिथेच टपकतं, भिंतीवर परत येत नाही. एवढीशी खाच, पण ती विसरलेल्या बिल्डिंगा मी आता बाइकवरूनही ओळखतो!

म्हणून मामाचा एकच हट्ट होता: टोकन देण्याआधी तोच फ्लॅट पावसात एकदा बघायचा. एप्रिलमध्ये घर बघितलं तर मालक जे सांगेल ते ऐकावं लागतं.

एप्रिलचा उपयोग वेगळा. एप्रिल-मे मध्ये पाण्याचं खरं कळतं. सोसायटीच्या ऑफिसात जाऊन गेल्या दोन उन्हाळ्यांची टँकरची बिलं बघायला मागा. बोअर किती, त्यातली मेमध्ये चालू किती, हे वॉचमनला विचारा, चेअरमनपेक्षा तो नेमकं सांगतो. नळाच्या तोटीवर आणि शॉवरच्या छिद्रांवर पांढरा थर असेल तर पाणी जड, गिझरची कॉइल दर काही वर्षांनी बदलायची तयारी ठेवा. गंमत म्हणजे हा तालुका ज्या मोठ्या धरणासाठी ओळखला जातो, ज्याच्याविरुद्ध १९२१ साली सेनापती बापटांनी सत्याग्रह केला, त्या मुळशी धरणाचं पाणी वीज करायला सह्याद्री उतरून भिऱ्याला जातं. इकडे तळं दिसतं आणि आपल्या गेटवर टँकर हॉर्न देतो.

आणि वापरलेलं पाणी कुठे जातं? गावात शहरासारखी ड्रेनेज लाइन असेलच असं नाही. सोसायटीचा सांडपाण्याचा प्लॅण्ट असेल तर तो चालू आहे का, की नुसती मोटर धूळ खातेय, ते जाऊन बघा. सेप्टिक टँक असेल तर तो बोअरपासून किती लांब आणि वरच्या अंगाला की खालच्या, हे बघा. आम्ही ज्या सोसायटीत गेलो तिथे प्लॅण्टच्या खोलीला कुलूप होतं आणि किल्ली कुणाकडे हे कुणालाच माहीत नव्हतं.

'बँकेचा माणूस येऊन गेलाय'

एजंटचा हुकमाचा एक्का हा असतो. 'सर, नॅशनलाइज्ड बँकेचं लोन झालंय या बिल्डिंगवर, बँकेचा इंजिनीअर येऊन बघून गेलाय.' तो येतो हे खरं. पण तो बघतो की बँकेचा पैसा बुडणार तर नाही ना. बांधकाम मंजूर नकाशाप्रमाणे आहे का, फ्लॅट खरंच आहे का, बाजारात किती मिळतील. तुमच्या बाथरूममध्ये बादली ओतायला त्याला कुणी पैसे देत नाही.

मग स्वतःचा माणूस न्या. सगळ्यांना मामा नसतो, पण फी घेऊन फ्लॅट तपासून लेखी रिपोर्ट देणारे स्ट्रक्चरल इंजिनीअर पुण्यात भरपूर आहेत. कॉलमवर शंका असेल तर ते हातोडीसारखं एक यंत्र कॉन्क्रीटवर आपटून त्याची कडकी मोजतात, ध्वनीच्या लहरी आरपार सोडून आतल्या पोकळ्या शोधतात. आम्हाला सुरुवातीला फी जिवावर आली होती. मग बायकोने मॉड्युलर किचनच्या कोटेशनशेजारी तो आकडा लिहिला आणि आम्ही दोघंही गप्प बसलो.

नवीन फ्लॅट घेत असाल तर कायदा बराच तुमच्या बाजूने आहे. १ मे २०१७ पासून महारेरा आहे. पझेशन मिळाल्यापासून ५ वर्षांच्या आत बांधकामात, कामाच्या दर्जात दोष निघाला आणि तुम्ही तो कळवला तर बिल्डरने ३० दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो. तक्रार लेखी करा, तारीख दिसेल अशी. फोनवर 'हो सर, माणूस पाठवतो' हे पाच वर्षं सहज चालतं. आणि ओल्या भिंतीवर नवा रंग मारून दिला तर त्याला दुरुस्ती म्हणू नका.

रीसेलमध्ये ही ढाल बहुतेक वेळा गेलेली असते. आमची सोसायटी आठ वर्षांची. पाच वर्षं कधीच उलटलेली, बिल्डर दुसऱ्या गावात दुसरी बिल्डिंग बांधत होता. राज्याच्या आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर पाच वर्षांनी करायचं असतं, तिशी ओलांडली की दर तीन वर्षांनी. आठ वर्षांच्या इमारतीला तेही बंधन नाही. म्हणजे गॅरण्टीही संपलेली आणि तपासणीही सुरू झालेली नाही, असा हा मधला काळ. रीसेलचे कितीतरी सौदे नेमके याच काळात होतात.

मामाचा हिशोब सरळ होता. गच्चीची गोलाई, पश्चिमेची भिंत, बाथरूमचा उतार, हे सगळं दुरुस्त होतं. खर्चाचा अंदाज काढायचा आणि किमतीतून मागायचा. पार्किंगमधला कॉलम मात्र एकट्या फ्लॅटमालकाला दुरुस्त करता येत नाही. तो सगळ्या सोसायटीचा आहे. आम्ही सेक्रेटरींना भेटलो, ऑडिट करून घेणार का विचारलं. ते म्हणाले, 'अहो, आठ वर्षं झाली, काही नाही झालं. उगाच ऑडिट केलं तर सगळ्यांच्या फ्लॅटचे भाव पडतील.'

टोकनचा चेक पुन्हा पाकिटात गेला. बायको घरी जाईपर्यंत बोलली नाही. तिने त्या डोंगराच्या खिडकीत बसायला जागा मनात करून ठेवली होती, कुशनच्या रंगासकट. मलाही रात्री वाटलं, आपण उगाच शहाणपणा केला का? आठवड्याने एजंटचा मेसेज आला की फ्लॅट गेला. कुणीतरी घेतला. पेन्सिलची रेघ आणि तारीख त्या भिंतीवर असेल अजून, त्यांनी रंग दिला नसेल तर.

जुलैमध्ये परत गेलो. त्याच गावात, रस्त्यापलीकडे, तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. खिडकीत डोंगर नाही, समोरच्या बिल्डिंगचे वाळत घातलेले कपडे आहेत. बाहेर धो-धो पाऊस, गच्चीवर छत्री उलटी होत होती. पार्किंगमध्ये मामाने पूर्ण अर्धा तास काढला आणि बाहेर येऊन फक्त 'चला वर' म्हणाला. पश्चिमेच्या भिंतीला मी हात लावला, गाल लावला. कोरडी. मालकाच्या परवानगीने मामाने नहाणीला कापडाचा बोळा लावला, बाथरूममध्ये दोन इंच पाणी भरलं, आणि आम्ही खाली दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंची बेल वाजवून विनंती केली की उद्या याच वेळी जरा बाथरूमचं छत बघून सांगाल का. त्यांनी आम्हाला वेड्यात काढलं असणार, पण चहा दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये होतो तेव्हा काकूंचा फोन आला. 'छत कोरडं ठणठणीत आहे,' त्या म्हणाल्या. 'पण तुमचे ते मामा परत कधी येणार आहेत? आमच्या किचनच्या सिंकखाली जरा दाखवायचं होतं.'